अन्नपूर्णा सर्किट चौदा दिवसांत: गाडी कुठपर्यंत, पाय कुठून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय बेचाळीस, सह्याद्रीत वर्षभर भटकंती, हिमालयात याआधी एक छोटा ट्रेक झालेला, आणि घरून निघून घरी पोहोचेपर्यंत हातात चौदा दिवस. ऑक्टोबरअखेर नेपाळमधलं अन्नपूर्णा सर्किट करायचंय. ‘रस्ता झाला, आता त्यात काही राम नाही’ असं कुणीकुणी सांगितल्यामुळे बेत असा ठरतोय की काठमांडूहून जीपने मनांग गाठायचं, वाचलेल्या दिवसांत तिलिचो तलाव करायचा, मग थोरांग ला ही खिंड ओलांडून मुक्तिनाथ आणि परत. हे जमेल का?

असं करणारे लोक आहेत, आणि त्यातले बरेचसे सुखरूप परततातही. तरी माझ्या ग्रुपला मी असा बेत देत नाही. मुळात हा प्रश्न रस्त्याचा नाहीच. चौदातले कोणते दिवस गाडीला द्यायचे आणि कोणते पायांना, हा आहे. तुम्ही गाडी नेमकी अशा ठिकाणी घेतलीय जिथे चालण्याला पर्याय नाही. दिवस दुसरीकडे वाचवता येतात, ते सांगतो.

आधी या वाटेचा आकार लक्षात घ्या. पूर्वेकडून मर्स्यांगदी नदीच्या काठाने वर जायचं, अन्नपूर्णा रांगेला उत्तरेकडून वळसा घालायचा, ५४१६ मीटरवरची थोरांग लाची खिंड ओलांडायची आणि पश्चिमेला काली गंडकीच्या खोऱ्यात उतरायचं. सुरुवातीचं बेसीसहर जेमतेम ७६० मीटरवर आहे. तिथे पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, केळी आणि घाम. धारापानीच्या वर सूचिपर्णी झाडं सुरू होतात आणि गावाच्या वेशीवर मंत्र कोरलेल्या दगडांच्या लांब भिंती दिसू लागतात. पिसांगच्या पुढे पाऊसच अडलेला, कारण ढग अन्नपूर्णेच्या पलीकडच्या अंगाला रिकामे होतात. मग सपाट मातीच्या छपरांची दगडी घरं, याक, फापराची (बकव्हीटची) शेतं. खिंडीपलीकडे मुस्तांगचा पिवळा-करडा उजाड मुलूख आणि त्याखाली थकाली लोकांची नीटनेटकी गावं. खाली गुरुंग आणि बाहुन-छेत्री, मधे मनांगी, पलीकडे थकाली. आठवडाभरात चेहरे, घरं, देव आणि ताटातलं अन्न सगळं बदलत जातं. सर्किट करायचं ते यासाठी. खिंड हा त्यातला फक्त एक दिवस आहे.

रस्त्याबद्दल ऐकलंय ते अर्धं खरं आहे. पूर्वेकडून जीप मनांगपर्यंत जाते, पश्चिमेकडून बेनी-जोमसोमवरून मुक्तिनाथपर्यंत रस्ता आहे. खालच्या टप्प्यात जुनी वाट बऱ्याच ठिकाणी रस्त्याखाली गेली. त्यावर उपाय म्हणून नदीच्या दुसऱ्या काठाने किंवा वरच्या अंगाने पायवाटा आखल्या आहेत. दगडांवर नि झाडांवर लाल-पांढरे पट्टे दिसले की ती मुख्य वाट, निळे-पांढरे दिसले की बाजूची फिरण्याची. आणि सगळ्यात सुंदर जो टप्पा, वरचं पिसांग ते घ्यारू ते नावल, तिथे मुख्य रस्ता खाली नदीच्या काठाने जातो आणि तुम्ही त्याच्या चारशे मीटर वर असता. जीपने मनांग गाठणारा हा टप्पा पूर्ण गमावतो. सर्किट बिघडलंय असं मग हीच मंडळी घरी येऊन सांगतात.

आता उंचीकडे येऊ, कारण खरा आक्षेप तिथे आहे. मनांग ३५४० मीटरवर आहे. ७६० वरून तिथे एक-दोन दिवसांत बसून जाणं म्हणजे शरीराला काही कळायच्या आत वर नेऊन ठेवणं. उंचीवर हवा विरळ, म्हणून श्वास वाढतो. श्वास वाढला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि रक्त अल्कधर्मी व्हायला लागतं. ते पाहून मेंदू श्वासाला लगाम घालतो, विशेषतः झोपेत. हा तोल मूत्रपिंडं सावरतात, पण सावकाश, काही दिवस घेऊन. ट्रेकवर रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं त्याचं एक कारण हेच, आणि ते चांगलं लक्षण आहे. थोरांग लावर समुद्रसपाटीच्या मानाने ऑक्सिजन साधारण निम्मा असतो. तिथे तुमची ताकद कमी उपयोगाची, तुमच्या शरीराने खाली घालवलेले दिवस जास्त उपयोगाचे.

इथे सह्याद्रीवाल्यांबद्दल एक स्पष्ट बोलतो. आपले लोक चालायला दणकट असतात आणि नेमकं तेच अंगाशी येतं. पाय दुखत नाहीत, दम फारसा लागत नाही, म्हणून दोन दिवसांचं एका दिवसात काढतात. तयारीचा ट्रेकर आणि पहिल्यांदाच आलेला पोटसुटा माणूस यांच्यात विरळ हवा कोणाला धरेल ते आधी सांगता येत नाही. पोटसुटा हळू चालतो म्हणून बरेचदा तोच वाचतो.

नियम साधा आहे. ३००० मीटरच्या वर गेलात की रोजची झोपायची जागा आदल्या रात्रीपेक्षा साधारण ५०० मीटरहून जास्त वर नको, आणि तीन-चार दिवसांत एक रात्र त्याच उंचीवर काढायची. दिवसा वर चढून परत खाली झोपायला आलात तर उत्तमच. डायमॉक्स गोळी मूत्रपिंडांचं तेच काम लवकर करायला मदत करते. प्रतिबंधासाठी बहुतेक डॉक्टर १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सांगतात. पण सल्फाची ॲलर्जी असेल, मूत्रपिंडाचा काही त्रास असेल किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तिला हात लावू नका. आणि गोळी घेतली म्हणून दिवस कमी करता येत नाहीत.

यावरून माझा ठोकताळा निघतो: ३००० मीटरच्या खाली गाडी चालेल, वर पाय. तुमच्या चौदा दिवसांवर तो असा बसतो. पहिला दिवस काठमांडू. दुसऱ्या दिवशी बेसीसहरवरून जगतपर्यंत किंवा जिथे अंधार पडेल तिथपर्यंत. तिसऱ्या दिवशी जीपने चामे, २६७० मीटरच्या आसपास. हा रस्ता कड्यात कोरलेला आहे, खिडकीची जागा मागून घेणारे थोड्या वेळाने डोळे मिटून बसतात. चौथ्या दिवशी चालायला सुरुवात: ब्रातांगच्या सफरचंदांच्या बागा, मग एका बाजूला हजारभर मीटर उंचीचा गुळगुळीत, अर्धगोल कातळ, आणि संध्याकाळी वरचं पिसांग, ३३००. पाचवा दिवस घ्यारूवरून नावल, ३६६०. सहावा मनांग, ३५४०, म्हणजे झोपायला किंचित खालीच. सातवा तिथेच. आठवा याक खर्क, ४०५०. नववा थोरांग फेदी, ४४५०. दहावा खिंड ओलांडून मुक्तिनाथ. अकरावा कागबेनी, बारावा जीपने पोखरा, तेरावा काठमांडू, चौदावा घर.

पाहिलंत ना, यात तिलिचो नाही आणि एकही राखीव दिवस नाही. त्याबद्दल पुढे बोलतो. आधी पाचव्या दिवसाबद्दल थोडं सांगू द्या, कारण गाडीत बसून तो घालवायला निघालेल्या प्रत्येकाशी मी यावर भांडतो.

पिसांगहून निघालं की झाडीत एक छोटा हिरवा तलाव लागतो, मग एक झुलता पूल, आणि पुलापलीकडे घ्यारूची चढण: साधारण चारशे मीटर, नागमोडी, सावली जवळजवळ नाही. सकाळी सातच्या आत निघालात तर उन्हाआधी वर पोहोचता. वर चढताना मागे वळून पाहिलं की अन्नपूर्णा दोन, ७९३७ मीटर, अक्षरशः समोर भिंतीसारखी उभी. गावात शिरताना प्रार्थनाचक्रांची रांग आणि पाण्याची धार. घरं एकमेकांना चिकटून, एकाचं छप्पर ते वरच्याचं अंगण. छपराच्या कडेने जळाऊ लाकडं रचलेली. ती हिवाळ्याची बेगमी, आणि कोणाच्या घरी किती लाकूड आहे यावर घराची ऐपतही कळते. छपरावर जायला ओंडक्यात खाचा पाडून केलेली शिडी. तिथल्या एका घरात चुलीशी बसून फापराची जाड भाकरी आणि सीबकथॉर्न या काटेरी झुडपाच्या फळांचं आंबट, केशरी सरबत घ्या. घरातली दिदी तुम्हाला विचारेल कुठून आलात, आणि भारतातून म्हटलं की हिंदी सुरू करेल, कारण मनांगी लोक पिढ्यानपिढ्या व्यापारासाठी परमुलखात फिरलेले आहेत. या गावात मी ग्रुपला मुद्दाम तासभर थांबवतो. थांबणं अंगी लागतं तेही याच उंचीवर.

मनांगमध्ये दोन रात्री हव्यातच. ‘आराम’ म्हणजे खोलीत पडून राहणं नव्हे. सकाळी गंगापूर्णा हिमनदीच्या तलावावरून वरच्या टेकडीपर्यंत चढून या. अंगात रग असेल तर ब्रागाच्या वरचा आइस लेक ४६०० मीटरवर आहे, पण तो पूर्ण दिवसाचा दमवणारा चढ आहे, डोकं दुखत असेल तर नाही. दुपारी हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या केंद्रावर जा. सीझनमध्ये तिथे डॉक्टर असतात आणि उंचीच्या आजारावर रोज माहिती देतात. मी कितीही सांगितलं तरी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की ग्रुप गंभीर होतो, हा अनुभव आहे.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सगळेच घेऊन येतात आणि संध्याकाळी आकड्यांची चढाओढ लागते. मी आकड्याला फार मानत नाही. थंड बोटावर तो वाटेल ते दाखवतो. मी ताट बघतो. आदल्या दिवशी दोनदा भात मागून घेतलेला माणूस आज चमचा फिरवत बसला असेल, तर त्याला डोकं दुखतंय का, मळमळतंय का, हे मी विचारतो. डोकेदुखी अधिक यातलं काहीही असेल तर वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. बरं वाटलं नाही तर खाली. टाचेला अंगठा लावून सरळ रेषेत चालता येत नसेल, बोलणं विसंगत होत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असो की पाऊस, लगेच खाली उतरवायचं. सकाळपर्यंत बघू म्हणण्याची ही वेळ नव्हे. याक खर्कला माझ्या ग्रुपमधल्या एका चांगल्या धावपटूचं जेवण असंच थांबलं. त्याला त्याच संध्याकाळी गाईडबरोबर मनांगला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिथे पोट भरून जेवला. खिंड मात्र हुकली, कारण मागे दिवस उरले नव्हते.

म्हणूनच तिलिचो या बेतात नाही. तलाव ४९१९ मीटरवर आहे, सुंदर आहे, त्यात वाद नाही. पण मनांगहून खांगसार, तिलिचो बेस कॅम्प, तलाव आणि परत याक खर्कच्या वाटेला लागायला तीन दिवस जातात. वाटेत घसरड्या मुरमाचा मोठा पट्टा आहे, वरून दगड येतात, तो सकाळी लवकर आणि न थांबता पार करायचा असतो. तुमच्या चौदा दिवसांत हे तीन दिवस फक्त शरीराच्या उसनवारीतून येतील. सतरा-अठरा दिवस असतील तर मी स्वतः तिलिचो घाला म्हणेन. उंचीची सवय व्हायला त्याचा फायदाच होतो.

तिलिचोपेक्षा आधी राखीव दिवस मिळवा. ऑक्टोबर हा सगळ्यात भरवशाचा महिना, हे खरं. तरीही १४ ऑक्टोबर २०१४ ला बंगालच्या उपसागरातल्या हुदहुद चक्रीवादळाचा उरलेला जोर इथे हिमवादळ होऊन कोसळला आणि थोरांग ला व आसपासच्या भागात ४० हून अधिक माणसं गेली. बर्फ पडत असताना फेदीला एक दिवस थांबता आलं पाहिजे. परतीचं विमान परवा आहे म्हणून खिंडीत शिरणं यापेक्षा वाईट कारण नाही.

खिंडीच्या दिवसाचं थोडक्यात. फेदीवरून जवळपास ९७० मीटर चढ आणि मग मुक्तिनाथपर्यंत सुमारे १६०० मीटर उतार. पहाटे चारच्या सुमारास निघायचं, कारण सकाळ सरत आली की वर वारा सुटतो. फेदीऐवजी ४८८० मीटरच्या हाय कॅम्पला झोपलं तर पहाटेचा चढ कमी होतो, पण ती रात्र बहुतेकांची वाईट जाते. मला फेदी बरी वाटते. वर आता आलीच म्हणून वाटणाऱ्या टेकड्या एकामागून एक फसवतात, त्याने खचू नका. खरी परीक्षा उताराची आहे, गुडघ्यांची. काठ्या दोन घ्या, आणि ताजा बर्फ असेल तर बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक जवळ असू द्या. उलट दिशेने, मुक्तिनाथकडून, का जात नाहीत हेही यावरून कळेल. तिकडून एका दमात १६०० मीटर चढावं लागतं आणि मधे झोपायला सोयीची उंची नाही.

मुक्तिनाथला घाई करू नका. १०८ गोमुखांचं बर्फासारखं पाणी, ज्वालामाईची दगडातून जळणारी निळसर ज्योत, विष्णूचं मंदिर आणि त्याची देखभाल करणाऱ्या बौद्ध भिक्षुणी. इथे तुम्हाला मराठी बोलणारे यात्रेकरू हमखास भेटतील. ते जीपने किंवा हेलिकॉप्टरने एकदम ३८०० मीटरवर आलेले असतात, आणि तिथे डोकं धरून बसलेले असतात ते बहुधा तेच. तुम्ही वरून आलेले, तुम्हाला हवा दाट वाटेल.

तिथून कागबेनीला रस्त्याने चालू नका, धूळ खाल. दरीच्या पलीकडच्या अंगाने झोंगवरून वाट आहे, जुन्या गढीचे अवशेष आणि मातीची गावं. एक दिवस जास्तीचा असेल तर लुप्रावरून उतरा, ते बोन हा तिबेटचा जुना धर्म पाळणाऱ्यांचं छोटं गाव आहे. काली गंडकीच्या पात्रात दुपारी वारा असा सुटतो की समोरून ढकलल्यासारखं होतं, त्यामुळे चालणं अकराच्या आत संपवा. जोमसोमची विमानंही याच कारणाने सकाळीच उडतात. कागबेनीला काली गंडकीच्या संगमावर पिंडदान करणारी माणसं आणि गल्लीपलीकडे जुना मठ, दोन्ही एकाच सकाळी दिसतं. त्याखाली मार्फा, पांढरी घरं, फरसबंद गल्ल्या आणि फरशीखालून खळाळणारं पाणी, तिथे दुपारच्या जेवणाला तरी जीप थांबवा. मार्फाच्या पुढे पोखरापर्यंत चालायची गरज नाही. दिवस वाचवायचे ते इथे.

कागदपत्रं फार नाहीत. भारतीयांना व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधारवर विसंबू नका. अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं परमिट सार्क देशांतल्यांना १००० नेपाळी रुपये, शिवाय टिम्स कार्ड, म्हणजे ट्रेकरच्या नोंदणीचं कार्ड. १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकरने परवानाधारक गाईड घ्यावा असा नियम आहे. अंमलबजावणी सैल-घट्ट होत असते, पण तुमच्यासारख्याने पहिल्या वेळी गाईड घ्यावाच असं माझं मत आहे, नियम नसता तरी. वर रोख लागते, नेपाळी रुपयांत, आणि ती काठमांडूतच बदलून घ्या. भारतीय एक रुपयाला १.६० नेपाळी हा दर ठरलेला आहे, त्यात घासाघीस नाही. खोलीचं भाडं नाममात्र असतं ते रात्रीचं जेवण तिथेच घ्याल या हिशेबाने, त्यामुळे झोपायला एकीकडे आणि जेवायला दुसरीकडे करू नका. शाकाहारी असाल तर डाळ-भात-तरकारी सगळीकडे मिळतं, वाढून घ्यायला संकोच नको. विमा ६००० मीटरपर्यंतच्या ट्रेकिंगचा आणि हेलिकॉप्टर बचावाचा असावा, पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचून.

काही गोष्टी तुम्हीच ठरवू शकता. त्या आधीच्या ट्रेकमध्ये किती उंचीवर झोपला होतात आणि तिथे कसं वाटलं, गुडघे कसे आहेत, बरोबर कोण आहे, रक्तदाब वगैरे. चार हजारावर एकदा नीट झोपून आला असाल तर वरचा बेत तुम्हाला सोपा जाईल. नसाल तर चामे ते मनांगमध्ये आणखी एक रात्र घाला, नावलला.

आता रजेचं. ऑफिसात आणखी दोन दिवस मागून बघा, सोळा झाले तर दोन्ही राखीव ठेवा, आधीच कशाला तरी जोडून टाकू नका. मिळालेच नाहीत तर चौदात खिंड सोडा: चामेहून चालत मनांग, तिथे तीन-चार रात्री, आइस लेक, खांगसारपर्यंत फेरी, आणि त्याच वाटेने जीपने परत. दोन्ही बाबतींत काठमांडूहून परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढा.